पहिल्या हसण्याचं मीठ

कुठल्याही गाडीतून उतरायच्या आधी ती शेवटच्या सीटपर्यंत जाऊन यायची. सिटीबस असो, रेल्वे असो, विमान असो. सगळे दाराकडे रेटारेटी करत असायचे आणि ही बाई उलट्या दिशेने, एकेका सीटखाली वाकून बघत मागे निघालेली. तिच्या स्वतःच्या ट्रकला तर मागे सीटच नव्हती, नुसता उघडा हौदा होता. तरी उतरल्यावर त्यात डोकावून बघायची, हात झटकायची आणि म्हणायची, "कोणी राहिलं नाही. चला."

जन्मभर तिने शाळेची पिवळी बस चालवली होती. बस रिकामी झाली की ड्रायव्हरने मागपर्यंत चालत जाऊन बघायचं, एखादं लेकरू झोपून राहिलं का, असा तिथला नियम. नोकरी संपली, पण सवय कुठची संपायला!

ती माझी घरमालकीण. अमेरिकेत फिनिक्स नावाचं मोठं शहर आहे, तिथे तिच्या घरामागच्या खोलीत आम्ही नवराबायको राहायचो. ती नवाहो, म्हणजे तिथल्या मूळच्या लोकांपैकी. मी गोंड, यवतमाळ जिल्ह्यातली, कळंबहून आत गेलं की आमची वस्ती लागते. आठवीत शाळा सुटली. नागपूरच्या एका हॉटेलवाल्याने तिकडे हॉटेल काढलं, माझा नवरा त्याचा तंदूरवाला, आणि नवऱ्याच्या मागे मी. कांदे चिरायला, पीठ मळायला, आणि दिवसभर भ्यायला. मला कशाचीही भीती वाटायची. पोलिसाच्या गाडीची, फोन वाजण्याची, दुकानातल्या आपोआप उघडणाऱ्या दाराचीसुद्धा.

खोली बघायला गेलो त्या दिवशी पासपोर्ट पदरात घट्ट धरून मी तिच्या दारात उभी होते. तिने पासपोर्टाकडे बघितलंही नाही. विचारलं, "तू कोणाची?"

नवरा पुढे होऊन म्हणाला, "इंडिया."

"देश कोण विचारतंय? आईची माणसं कोण, बापाची माणसं कोण, ते सांग. नाहीतर मी तुम्हाला हाक काय म्हणून मारू?"

खरं सांगते, माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "आम्ही सात देवाचे. हे सहा देवाचे."

तिने खुर्ची ओढली. मला बसवलं. मग माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी तिला सांगितलं की आमच्यात कोणी चार देवाचे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. ज्यांचा आकडा एक, ते भाऊबहीण, मग ते कुठल्याही गावचे असोत. त्यांचं आपसात लग्न नाही. चार आणि सहा एका बाजूला, पाच आणि सात दुसऱ्या बाजूला. ह्या बाजूचे त्या बाजूचे सोयरे.

ती मांडीवर थाप मारून हसली. इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाली, आमच्यातही हेच! आणि तिने आपली चार कुळं घडाघड म्हणून दाखवली. पहिलं आईचं, मग बापाचं, मग दोन्ही आजोबांचं. आईचं कुळ जुळलं की तो भाऊ, भलेही तो पहिल्यांदाच पेट्रोलपंपावर भेटलेला असो.

यवतमाळात मी दोन वर्षं एका खानावळीत कामाला होते. तिथेही लोक आडनाव विचारायचे. पण ते कळल्यावर खुर्ची ओढणारं कोणी भेटलं नव्हतं.

तिचं हे विचारणं जागा बघत नसे. भाजीच्या दुकानात रांगेत, दवाखान्यात, सिग्नलला शेजारच्या गाडीची काच खाली करायला लावून. चेहरेपट्टी ओळखीची वाटली की, "काय रे, कोणाचा तू?" एकदा विजेचं मीटर बघायला आलेला तरुण तिच्या आईच्या कुळाचा निघाला. मग काय! मीटर राहिलं बाजूला, तो दुपारपर्यंत मटणाचा रस्सा खात बसला होता आणि जाताना तिला आई म्हणून गेला.

माझ्या शाळेच्या पुस्तकात ह्या लोकांचं एक चित्र होतं, डोक्याला पिसं आणि हातात भाला. तेवढ्यावरच माझी आठवी झालेली. इथे बघते तर तिची भाची दवाखान्यात नर्स, एक पुतण्या विमानतळावर सामान चढवतो, दुसरा काचेच्या इमारतीत कॉम्प्युटरवर बसतो. वेगवेगळ्या जमातींची माणसं एकाच गल्लीत. शनिवारी तिच्या अंगणात सगळी जमायची, पोरं बास्केटबॉल खेळायची, म्हाताऱ्या एकमेकींच्या भाषेची नक्कल करून चिडवायच्या. आणि सुट्टी लागली की गाड्या उत्तरेकडे धावायच्या. शहरातल्या घराला ती कधी घर म्हणाली नाही. घर तिकडे, मेंढ्यांजवळ. इथे फक्त राहणं. मला वाटायचं, पोळ्याला यवतमाळच्या स्टँडवर एसटीला लटकणारी आमची माणसंच बघतेय मी.

"तुमच्या जमातीची माणसं किती उरलीत?" तिने एकदा अगदी हळू आवाजात विचारलं.

"मोप!" मी म्हणाले. "अख्खे तालुके भरलेत."

त्या दिवशी तिने आनंदाने गल्लीभर हॉर्न वाजवला.

ती बडबडीही होती आणि घुमीही. माझं रडणं तिला आवाज न होता कळायचं. एकदा मी दोन दिवस जेवले नाही, तर काही न विचारता ट्रकमध्ये घातलं आणि शहराबाहेर नेलं. गाडी थांबली आणि मी बघतच राहिले. कापूस! क्षितिजापर्यंत पांढरा फट्ट कापूस, थेट आमच्या शिवारासारखा. मी उडी मारून उतरले, दोन्ही हातांनी बोंडं वेचायला लागले, ओटी भरायला लागले. मागून ती ओरडली, "अगं, मालक येईल!" आणि मग स्वतःच रस्त्यावर पहारा देत उभी राहिली. परत ट्रकमध्ये बसले तर म्हणते, "कोणी विचारलं असतं तर सांगणार होते, ही कापसाची डॉक्टर आहे, नाडी बघतेय."

तर अशा बाईच्या घरी माझं पहिलं मूल जन्माला आलं.

इथे मला माझ्या आईबद्दल सांगावं लागेल. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कोणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. आईने बाज विणून घेतली होती, डिंक आणून ठेवला होता, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली होती. आणि माझे व्हिसाचे कागद अडकले. निघाले असते तर परत येता आलं नसतं. मी फोनवर सांगितलं, तेव्हा आई फक्त "बरं" म्हणाली.

ते "बरं" फार वाईट होतं. त्यानंतर ती फोन उचलायची, पण फोन भिंतीला टेकवून ठेवायची आणि स्वतः दुसरीकडे बसायची. मला दिसायची फक्त घराच्या छपराची कवेलू, म्हणजे कौलं. मी बाळ दाखवायची तर कवेलूंमधून आवाज यायचा, "दिसलं, दिसलं. ठेव आता, तुह्या मालकिनीले दाखव." ज्या बाईने माझी बाळंतपणाची शेकशेगडी केली, तिचा आईला राग. आणि मला तर आईशिवाय दुसरं कोणी नाही. वडील मी लहान असतानाच गेलेले. बाळ झोपलं की मी कवेलूंचा विचार करत बसायची.

घरमालकिणीला मात्र वेगळंच वेड लागलं होतं. तिच्या लोकांत असं आहे की बाळ जन्मल्यावर पहिल्यांदा खळखळून हसतं, तेव्हा ते खरं माणसांत येतं. आणि ज्याने त्याला हसवलं, त्याने सगळ्यांना जेवण घालायचं. बाळाला मांडीवर घ्यायचं, त्याच्या हाताने प्रत्येक पाहुण्याला खडेमीठ द्यायचं. म्हणजे मूल मोठेपणी दिलदार होतं. जेवण टाळलं की मूल कंजूष निघतं, हे ती अगदी गंभीरपणे सांगायची.

मग काय पहारा! कोणीही पाळण्याजवळ आलं की, "तोंड सरळ ठेव! हसवलंस तर मेंढी कापावी लागेल." पोस्टमन बिचारा बाळाला बघून गोड हसला, तर तिने त्याला दारातून मागे फिरवलं. माझा नवरा तर लेकराजवळ जाताना मयतीला गेल्यासारखा चेहरा करायचा. "मी बापच आहो ना याचा?" असं मला कोपऱ्यात नेऊन विचारायचा.

आणि इकडे बाळ हसेचना. टुकूटुकू बघायचं, सगळ्यांचं ऐकून घ्यायचं, पण हसू नाही. मला धास्ती बसली. ह्याला काही झालंय का? माझ्या मनातलं कवेलूंचं दुःख दुधातून उतरलं का?

एक दिवस मी दुपारी कामावरून लवकर आले. स्वयंपाकघरातून आवाज येत होता, "पों पों! घुर्रर्र!" आत बघते तर ही बाई बाळासमोर खुर्चीत बसलेली, हातात ताटाचं स्टिअरिंग, बस वळणावरून नेतेय, ब्रेक दाबतेय, डोळे फिरवतेय. मला बघून ताट पुसायला लागली.

तेव्हा मला कळलं. तिला स्वतःलाच यजमान व्हायचं होतं. मेंढी तिने बहिणीकडे कधीची सांगून ठेवली होती. तिची स्वतःची नातवंडं दूरच्या शहरात वाढली. त्यांचं पहिलं हसू दुसऱ्यांनीच नेलं होतं.

आणि मग तो दिवस. मी नेहमीसारखा आईला फोन लावला. नेहमीसारखी कवेलू. मी म्हटलं, "आई, पाह्य ना वं एकदा. कसा पाह्यते तुह्याकडं."

कवेलू हलली. फोन कोणीतरी उचलला. आईचा चेहरा एकदम जवळ आला, कपाळावर आठ्या, आणि तिने बाळाला झापलं, "काय पाह्यतं रे टुकूटुकू? मी काय तुले सिनेमा दिसते?"

आणि बाळ हसलं!

नुसतं ओठांनी नाही. पोट हलवून, पाय झाडून, खळखळून. आई दचकली. मी किंचाळले. घरमालकीण हातातली भाजी टाकून धावत आली, "कोणी? कोणी हसवलं?"

मी फोन तिच्यासमोर धरला.

ती फोनातल्या आईकडे बघत राहिली. आई तिच्याकडे. दोघींची ही पहिली भेट. मला मात्र ते ताटाचं स्टिअरिंग आठवत होतं. फोन ठेवल्यावर नवऱ्याच्या सल्ल्याने मी तिला म्हणाले, "आपण सांगू, तुम्हीच हसवलं म्हणून. कोणाला कळणार आहे? तुम्ही माझ्यासाठी इतकं केलंत."

ती इतकी रागावली की मला खोली सोडायला सांगते की काय असं वाटलं. "लबाडीचं मीठ त्याच्या हातात ठेवतेस? हसवलं तिने. जेवण तिचं. विषय संपला." आणि संध्याकाळभर ती ट्रकमध्ये जाऊन एकटीच बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारावर थापा. ही नटूनथटून उभी, गळ्यात निळ्या खड्यांची माळ. "बहिणीला विचारलं मी. यजमानाचं घर लांब असलं तर किती दिवस थांबता येतं? ती म्हणाली, पोचायला लागतील तितके. मग कधी निघायचं?"

मी आईला फोन केला. कवेलू. मी सगळं सांगितलं. हसण्याचं, जेवणाचं, मिठाचं.

"हसलं थे, अन् जेवाले मी घालू?" कवेलूंनी विचारलं.

"हाव."

"असा कुठला कायदा?"

"त्यांचा आहे."

मग कवेलू गेली आणि आईचा चेहरा आला. ती म्हणाली, "किती मानसं येतीन?"

त्या प्रश्नासाठी मी जगभर फिरून आले असते. कागद हातात पडेपर्यंत मात्र जीव नुसता टांगणीला. आणि घरमालकीण रोज बाळाच्या मुठी तपासायची. "बघ, चमचा सोडत नाही. कंजूष व्हायला लागला!" विमानात त्याने तिची निळी माळ पकडली ती नागपूरपर्यंत सोडली नाही. ती मान वाकडी करून बसून होती आणि मला म्हणत होती, "आता घाई केली पाहिजे, प्रकरण हाताबाहेर चाललंय."

नवऱ्याला सुट्टी मिळाली नव्हती. आम्ही तिघंच होतो. नागपूरहून यवतमाळच्या एसटीत बसलो. खिडकीबाहेर वेचणीचा कापूस आणि ती दर शेताला मला कोपर मारून, "डॉक्टर, बघ, तुझे पेशंट!" कळंबचा स्टँड आला. लोक उतरले. मी बाळ आणि पिशव्या घेऊन खाली आले आणि बघते तर ही नाही. निघाली होती मागे, सीटखाली वाकत.

कंडक्टर ओरडला, "ओ मावशी, उतरा ना! काय हारपलं तिकडं?"

मी खालून सांगितलं, "दादा, थे पोट्टं पाह्यते. कोनाचं राह्यलं का म्हनून."

"अवो, एसटीत कायचं पोट्टं राह्यते!"

तेवढ्यात शेवटच्या सीटवरून एक धोतरवाला बुढा डोळे चोळत उठला. "कळंब आलं काय जी?" तिने त्याचा हात धरला, त्याची पिशवी घेतली, त्याला पायरीपायरीने खाली उतरवलं आणि हात झटकले. सगळी बस खिदळत होती. कंडक्टर म्हणाला, "हे मावशी डेपोलेच देऊन टाका बाप्पा!"

वस्तीवर पोचलो तर अंगणात मांडव. आई दारात उभी. तिने बाळाकडे बघितलं, माझ्याकडे नाही. "जय सेवा" असा आमचा नमस्कार केला घरमालकिणीला, पण ओठ घट्ट. पाणी दिलं, पाट दिला, आणि चुलीकडे निघून गेली.

माझ्या चुलत काकाने मात्र थेट मुद्द्याला हात घातला. "बाई किती देवाच्या?"

मी इंग्रजीत विचारलं. घरमालकीण उभी राहिली, पाठ सरळ केली, आणि आपली कुळं बोटांवर मोजत म्हणाली. एक, दोन, तीन, चार. बाकी काही कोणाला कळलं नाही, पण बोटं सगळ्यांनी मोजली.

"चार!" काका ओरडला. "चार देवाची हाये! आपन सात. मंग थे तं सोयरी निंगाली!"

अंगणभर एकच गलका. सोयरे म्हणजे थट्टेचा हक्क. चुलीपाशी बसलेली आई आतापर्यंत पाहुणीशी जपून वागत होती. तिने मान वर करून पहिल्यांदा तिला नीट बघितलं आणि आवाज चढवला, "असं काय! मंग ईनबाई, पाटावर बसून कायले राह्यल्या? भाकरी थापाले या. का अमेरिकेत नुसते हात धुऊन जेवालेच बसतात?"

मी सांगितलं, विहीण म्हणतेय, बोलावतेय. घरमालकीण बाह्या सरसावून गेली आणि भाकरी अशी दोन तळहातांमध्ये सटासट वाढवली की बायका बघत राहिल्या. त्यांची जाड रोटी तशीच हातावर करतात. "गोल नाही झाली," आई म्हणाली. "तुझी फार पातळ आहे," ती म्हणाली. दोघींना एकमेकींचं काही कळत नव्हतं आणि भांडण व्यवस्थित चालू होतं.

चुलीपाशीच मी आईला ताटाच्या स्टिअरिंगची गोष्ट सांगितली. पों पों, घुर्रर्र, सगळं करून दाखवलं. आई हसली नाही. भाकरी उलटत राहिली.

मटण शिजलं. सगळी वस्ती पंगतीला बसली. घरमालकिणीने कापडी पुरचुंडी सोडली. तिच्या गावाकडच्या खाऱ्या तळ्यावरचं मीठ, राखाडी खडे. आईला तिने शिकवलं: बाळ मांडीवर, त्याच्या हातात खडा, त्याचा हात तुझ्या हातात, एकेकाला द्यायचं. आणि ती स्वतः पंगतीच्या शेवटी जाऊन बसली.

"थे तिकडं कायले बसली?" आई म्हणाली. "बोलाव तिले. अठी, माह्यापुढं बस म्हन. पयलं मीठ तिचं."

मी सांगितलं. घरमालकीण मान हलवून नाही म्हणाली. आधी म्हातारे, मग बाकीचे, पाहुणे शेवटी, असं तिचं काहीतरी होतं.

"माह्या आंगनात माहा कायदा," आई म्हणाली. हे मला सांगावं लागलं नाही, आवाजावरून तिला कळलं. ती उठून आली, आईसमोर मांडी घालून बसली आणि दोन्ही हात पुढे केले.

बाळाच्या हातात खडा ठेवला. त्याने मूठ मिटली. आणि मूठ उघडेचना.

आईने बोटं सोडवायला बघितली, त्याने आणखी आवळली. वस्ती थांबली. वाढपी थांबले. घरमालकिणीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने माझ्याकडे बघितलं आणि त्या नजरेत स्पष्ट लिहिलेलं होतं, उशीर झाला. आईच्या मांडीवर माझं मूल पहिल्यांदा बसलेलं, आणि ते टुकूटुकू तिच्या तोंडाकडे बघतंय, फोनात दिसायची तीच बाई आहे की नाही ते ठरवत असल्यासारखं.

आईने कपाळाला आठ्या घातल्या. तोंड अगदी जवळ नेलं.

"काय पाह्यतं रे टुकूटुकू? मी काय तुले सिनेमा दिसते?"

खळखळून हसलं पोट्टं. पाय झाडले, हात उडवले, मूठ उघडली, आणि खडा टप्पकन घरमालकिणीच्या ओंजळीत पडला. तिने तो जिभेवर ठेवला, डोळे मिटले, आणि तोंडाने अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असा बसचा हॉर्न वाजवला. पोरंटोरं नाचायला लागली, काकाने शीळ घातली, कुत्री भुंकायला लागली. एकेक जण हात पुढे करत आला आणि आई बाळाचा हात धरून मीठ देत राहिली.

मी मांडवाच्या खांबाला टेकून सगळं फोनात घेत होते, नवऱ्याला दाखवायचं म्हणून. शेवटचा माणूस मीठ घेऊन वळला. घरमालकीण सवयीने उठली, पंगतीच्या टोकापर्यंत जाऊन आली, कोणी राहिलं का ते बघत. आणि येताना माझ्यासमोर थांबली. मग तिने आईकडे बघून माझ्याकडे बोट दाखवलं.

आईने मान वर केली. बाळंतपणापासून पहिल्यांदा ती सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती.

"तू काहून उभी वं तिकडं?" ती म्हणाली. "थो फोन ठेव, अन् हात पसर. का तुले मीठ बी त्याच्यातूनच देऊ?"